पाच दिवस फॉरेन, सात किलोची बॅग: कोल्हापुरातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दुबई, सिंगापूर, थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम अशा चार ते सहा दिवसांच्या ट्रिपला जाणारी माणसं आता आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, आणि तिकीट झालं, व्हिसा झाला की पुढचा प्रश्न बॅगेचाच येतो. पाहुणे, शेजारी, ऑफिसातली मंडळी जे जे विचारत असतात ते सगळं इथं एका जागी लिहून ठेवलंय. माझं मत आधीच सांगतो, एवढ्या दिवसांना एक केबिन बॅग पुरते, फक्त ती पुरवायचीच असं ठरवून भरायला बसायचं.

सात किलोत खरंच बसतं का, का नुसतं बोलायचं?

बसतं, वर दोन किलो उरतात. हिशोबच मांडू. कापडी सॅक ९०० ग्रॅम, एक पँट ४००, तीन टीशर्ट मिळून साडेपाचशे, एक फुल शर्ट २५०, आतले कपडे आणि मोजे ३००, रात्रीची शॉर्ट २००, पातळ विंडचीटर २५०, स्लीपर ३५०, साबण-ब्रश-पेस्ट वगैरे ४५०, चार्जर-अडॅप्टर-पॉवर बँक मिळून ५००, औषधं दीडशे, खाऊ अर्धा किलो, कागद आणि किरकोळ २००. झाले पाच किलो. पँट-शर्ट-बूट अंगावर आहेत ते वेगळेच, अंगावरचं कोण मोजत नाही.

आता हीच यादी तीन किलोच्या कडक ट्रॉलीत भरा, सात किलोच्या वर जाते. सामान तेच, बॅग बदलली. म्हणून कपडे मोजायच्या आधी रिकामी बॅग काट्यावर ठेवा.

पण तिकिटात चेक-इन बॅग फुकट आहे की, मग का सोडायची?

फुकट आहे ती विमानात. कोल्हापुरातून परदेशाला थेट विमान नाही, त्यामुळं आपला प्रवास विमानतळाच्या लई आधी सुरू होतो. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर मुंबई, किंवा खासगी ट्रॅव्हल्सनं पुणे नाहीतर गोवा, मग तिथनं टॅक्सी, मग टर्मिनल. प्रत्येक ठिकाणी ती मोठी बॅग उचलायची कुणी? दादरच्या जिन्यावर एका हातात २३ किलोची बॅग आणि दुसऱ्या हातात आईचा हात, हे जमत नाही हो, आणि माझ्या मते हलकं जायचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आपला एक हात माणसांसाठी मोकळा पाहिजे.

दुसरं म्हणजे तिकडं पोचल्यावर. आपली बरीच विमानं पहाटे-सकाळी उतरतात आणि हॉटेलची रूम दुपारी दोन-तीनलाच मिळते. तोपर्यंत बॅग एकतर रिसेप्शनला ठेवा नाहीतर घेऊन फिरा. पाच किलोची सॅक पाठीवर टाकून माणूस आरामात नाष्टा करून चार ठिकाणं बघून येतो. बेल्टवर बॅग येईपर्यंत थांबायचं नाही, आणि कनेक्टिंग फ्लाइट असेल तर बॅग मागं राहील ही धाकधूक नाही.

तरी चेक-इन घ्यावीच अशा वेळा असतात. तान्हं बाळ बरोबर आहे, बर्फाच्या गावाला चाललाय, लग्नाला चाललाय, नाहीतर तिकडं राहणाऱ्या पोराला फराळ पोचवायचाय. तिथं हट्ट करू नका, बिनधास्त घ्या.

सात किलो सगळीकडं सारखेच असतात का?

नाही, आणि इथंच माणसं गाफील राहतात. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या इकॉनॉमीला सात किलोची एक बॅग आणि वर लॅपटॉप बॅग किंवा पर्स देतात. पण एअरएशियात दोन्ही नग मिळून सात किलो धरतात. स्कूट आणि एअर अरेबियात सगळं मिळून दहा किलो. म्हणजे लॅपटॉपची बॅग वेगळी म्हणून निवांत बसलात तर काउंटरवर दोन्ही एकत्र काट्यावर चढतात. तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा, शेजारच्यानं मागच्या वर्षी काय नेलं त्यावर जाऊ नका. जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी असेल तर दोन्हीतली कडक अट पाळायची.

साइज साधारण ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर धरा, चाकं आणि हँडल त्यात मोजून. आणि आपल्या उजळाईवाडी विमानतळावरनं मुंबई, बंगळूर किंवा हैदराबाद करून पुढं जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, इथली विमानं छोटी असतात, वरचे कप्पे बारके, कडक ट्रॉली बसली नाही तर दारातच घेऊन खाली टाकतात. त्या वेळी पासपोर्ट, पैसे, औषधं आणि पॉवर बँक बाहेर काढायला लागतात, म्हणून ह्या चार गोष्टी एका छोट्या पिशवीत एकदम वरच ठेवायच्या, म्हणजे मागं लाईन थांबलेली असताना बॅग उघडून कपडे उसकटायची वेळ येत नाही.

मग सॅकच घ्यायची? वयस्कर माणसांनी पण?

तिशी-चाळिशीतल्यांना सॅक. वयस्करांना पाठीवर वजन नको असेल तर चार चाकी कापडी ट्रॉली घ्या, दोन-सव्वादोन किलोत मिळते, कडकपेक्षा हलकी. दुकानात गेल्यावर रंग आणि नंबरलॉक नंतर बघा, आधी विचारा वजन किती, आणि दुकानदाराला माहीत नसेल तर स्वतः उचलून बघा. चेन दोन-चार वेळा मागं-पुढं करून बघा, कारण चेन गेली की बॅग गेली, आणि परदेशात चेनवाला शोधायला कुठं जाणार.

पाच दिवसांना कपडे किती?

अंगावर एक जोड, बॅगेत तीन टीशर्ट, एक फुल शर्ट आणि एक पँट. पुरतात. मधी एकदा दोन टीशर्ट धुवायचे.

खरं वजन जीन्सचं. एक जीन्स पाऊण किलोच्या जवळ जाते, आणि धुतली की दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. न्यायचीच असेल तर अंगावर, बॅगेत दुसरी जीन्स अजिबात नको. बॅगेत पातळ ट्राउझर किंवा लेगिंग. खालचे कपडे गडद एका रंगात ठेवा, काळा नाहीतर नेव्ही ब्लू, आणि वरचे असे की कुठलाही कुठल्याही पँटवर जाईल. एकाच पँटवर जाणारा एक खास शर्ट घेतला की त्याच्यासाठी ती पँट, त्या पँटसाठी ते बूट, असं करत करत बॅग भरते.

हवामान बघून घ्या, पण गुगलवर दुपारचं तापमान बघून थांबू नका. दुबई डिसेंबर-जानेवारीत दिवसा मस्त असते आणि रात्री वाळवंटात चांगलीच गार पडते. सिंगापुरात वर्षभर पाऊस कधीही. मलेशियात गेंटिंग हायलँड्सला वर ढगात गारवा. आणि सगळीकडं मॉल, मेट्रो, बसमधला एसी, तो आपल्या माणसांना बाधतोच. ह्या सगळ्यावर एक पातळ विंडचीटर पुरतं. स्वेटर नको, एक स्वेटर म्हणजे तीन टीशर्टची जागा.

देवळं आणि मशिदींचा विचार आधीच करा. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमधी खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, अबूधाबीच्या शेख झायेद मशिदीत बायकांना डोकं पण झाकायला लागतं. एक सुती ओढणी बॅगेत असली की झालं. हीच ओढणी विमानात पांघरूण, उन्हात डोक्यावर, बाळ झोपलं तर त्याच्या अंगावर. बॅगेतली मला सगळ्यात आवडती वस्तू म्हणजे ही ओढणी, आणि पुरुषांनी सुद्धा तिच्याऐवजी एक पंचा ठेवावा असं मी सगळ्यांना सांगतो.

कपड्यांची घडी न करता घट्ट गुंडाळी करा. वजन त्यानं कमी होत नाही, पण जागा वाचते आणि काय कुठं आहे ते एका नजरेत दिसतं.

हॉटेलात कपडे धुवायचे कसे? लाँड्रीचे दर तर डोळे फिरवणारे असतात.

हॉटेलच्या लाँड्रीला द्यायचेच नाहीत. रात्री आंघोळीला जाताना टीशर्ट आणि आतले कपडे बेसिनमधी साबणानं धुवायचे, हातानं पिळायचे. मग हॉटेलचा मोठा कोरडा टॉवेल पलंगावर पसरा, त्यावर टीशर्ट सपाट ठेवा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळा, गुंडाळी खाली फरशीवर ठेवून पायानं दाबत दाबत चालायचं. पाणी सगळं टॉवेलमधी उतरतं आणि टीशर्ट नुसता ओलसर राहतो. हँगरला लावून एसीच्या वाऱ्याच्या बाजूला अडकवा, सकाळी वाळलेला असतो. ड्रायफिट किंवा मिक्स कापड असेल तर नक्कीच, जाड सुती असेल तर काखेत आणि कॉलरला थोडा दमट राहतो. म्हणून ट्रिपला जाड कॉटन नको म्हणतो.

दुबईत बाल्कनीत कपडे वाळत घालू देत नाहीत, बाथरूममधीच घाला.

आई साडीच नेसते, तिचं काय?

साडीच नेसू दे. उगच ट्रिपसाठी पंजाबी ड्रेस घालायचा आग्रह करू नका, पाच दिवस अवघडून फिरण्यापेक्षा सवयीचं बरं. एक अंगावर, दोन बॅगेत. बॅगेतल्या दोन जॉर्जेट किंवा क्रेपच्या, धुतल्या की वाळतात, इस्त्री लागत नाही, वजनाला हलक्या. काठापदराची आणि इरकल घरी ठेवा, फोटोत छान दिसते खरी, पण एक काठापदराची साडी दोन जॉर्जेटचं वजन खाते. ब्लाउज काळा किंवा सोनेरी असे दोन, तिन्ही साड्यांवर जातील असे. परकर गडद रंगाचा एक जादा.

आणि साडीवर चपलेऐवजी स्पोर्ट शूज घालायला लावा, घरातनं निघतानाच, म्हणजे बॅगेत वजन नाही. पहिल्या दिवशी लाजतात, दुसऱ्या दिवशी स्वतःहून घालतात, कारण विमानतळ आणि मॉल मिळून चालायला भरपूर लागतं. साडी घोट्याच्या जरा वर नेसायला सांगा. सरकते जिने सगळीकडं असतात आणि निऱ्या त्यात अडकायची भीती खरी आहे, चढताना-उतरताना निऱ्या हातात धरायच्या आणि मधोमध उभं राहायचं, हे जायच्या आधी एकदा इथल्या मॉलमधी करून बघितलं तर अजून चांगलं.

कोल्हापुरी घालून गेलं तर?

आपल्या चपलेला २०१९ मधी जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान आहेच, पण दिवसभर फरशीवर चालायला आणि पावसात भिजायला ती केलेली नाही. नवी असेल तर चावते, ओली झाली तर कातडं फुगतं, आणि जाड तळाची कापशी चप्पल तर बॅगेत ठेवली की वजनच वजन. पायात बूट, बॅगेत रबरी स्लीपर, बास. तिकडं कुणाकडं उतरणार असाल तर त्यांच्या मापाचा एक हलका जोड भेट म्हणून न्या, ह्यापेक्षा चांगली भेट मला तरी सुचत नाही.

शाम्पू, तेल, क्रीम किती न्यायचं?

इंटरनॅशनल फ्लाइटला केबिनमधी प्रत्येक डबी १०० मिलीपर्यंत, आणि सगळ्या डब्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक झिप पिशवीत. २००६ मधी लंडनहून निघणाऱ्या विमानांत द्रव स्फोटकं न्यायचा कट उघड झाला तेव्हापासून हे आलं. डबीवर जो आकडा छापलाय तो बघतात, आत किती शिल्लक आहे ते नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाला चमचाभर तेल असलं तरी ती टोपलीत जाते.

द्रव म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पेस्ट, जेल, लोशन, काजळ, व्हॅसलीन, तूप, मध, काकवी, दही, लोणच्याचा खार, सगळं त्यात येतं. आपल्यासाठी सोपी वाट म्हणजे पुड्या. शाम्पूच्या पुड्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, पाच दिवसांना तीन-चार पुड्या. अंगाचा साबण वडीचाच, वडी द्रवात मोजत नाहीत, आणि कपडे धुवायला तोच चालतो. खोबरेल छोट्या बाटलीत. टॉवेल, साबण, शाम्पू हॉटेलात असतोच, बुकिंग करताना एकदा बघून घ्या.

दाढीला कार्ट्रिजचं रेझर चालतं, सुटं ब्लेड नाही.

खायचं काय न्यायचं? तिखटाशिवाय आमच्या घरच्यांचं भागत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, तर सविस्तर सांगतो.

आपली चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला, केबिन बॅगेत नेऊ नका. मिरचीची पूड आपल्या विमानतळांवर हातातल्या सामानात चालत नाही, कुणाच्या डोळ्यात टाकता येते म्हणून. मिरचीचं लोणचं तसंच. चेक-इनमधी चालेल असं वाटत असेल तर थांबा, चटणीत काय काय पडतं ते आठवा. ब्याडगी-संकेश्वरी, धने, तीळ, खोबरं आणि खसखस. उन्हाळ्यात डंगावर कुटून आणली, बरणीत भरली, आता त्यात खसखस किती पडली होती ते घरच्यांना पण आठवत नाही.

ही खसखस साधी गोष्ट नाही. यूएईमधी ती अमली पदार्थांच्या बाजूला धरतात, बंदी आहे, सापडली तर तुरुंगापर्यंत प्रकरण जातं. सिंगापुरात पण ती बंदीच्या यादीत आहे. आपल्याकडं रश्श्याला घट्टपणा यावा म्हणून घालतात हे तिथल्या अधिकाऱ्याला सांगून उपयोग नाही. त्यामुळं दुबईला आणि सिंगापूरला घरची चटणी नाही म्हणजे नाही, डबीभर सुद्धा नाही.

सुकं खोबरं पण नको. त्यात तेल असतं आणि उष्णतेनं ते आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं, आपल्या विमानतळांवर केबिनमधनं काढतात आणि चेक-इनमधनं पण काढतात.

युरोप आणि इंग्लंडला जाणाऱ्यांनी मटणाचं लोणचं, नरसोबाच्या वाडीचे पेढे, तूप, खवा हे सगळं इथंच ठेवायचं. बाहेरनं येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर खायची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून द्यायला लागते, लपवलं तर दंड जबर.

मग न्यायचं काय? भडंग न्या. जयसिंगपूरचं पाकीटबंद भडंग हलकं असतं, कोरडं असतं, आणि संध्याकाळी हॉटेलवर दमून आल्यावर त्यासारखं काही नाही. हवा भरलेलं पाकीट जागा खातं, म्हणून ते बॅगेच्या बाहेरच्या खिशात. शंकरपाळी, दशम्या, खाकरा, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू चालतात. गुळाच्या छोट्या वड्या चालतात, आपल्या गुळाला २०१४ पासून जीआय आहे, परदेशी मित्राला द्यायला पण छान. ढेप नको. सगळं मिळून अर्धा किलो, त्याच्या वर नाही. तिकडं तिखट मिळत नाही हा आपला गैरसमज आहे, थायलंडमधी टेबलावर लाल मिरचीची पूड ठेवलेलीच असते आणि ती चांगलीच झणझणीत असते, दुबईत तर आपल्यासारखं जेवण पावलापावलावर.

गल्लीतल्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी एक पिशवी दिलीय, नाही कसं म्हणायचं?

सरळ म्हणायचं, प्रेमानं म्हणायचं, पण म्हणायचंच. "काकू, तिकडं खसखस-खोबरं सापडलं तर मला आत घालतील" एवढं एक वाक्य पुरतं, समजून घेतात. विमानतळावर विचारतात, बॅग तुम्ही स्वतः भरली का, दुसऱ्याचं काही आहे का. पिशवी तुमच्या बॅगेत असली की ती तुमची. काकूंवर तुमचा विश्वास आहे, पण काकूंनी डब्यात काय काय घातलंय, औषधाची पुडी कुणी दिली, हे त्यांना तरी सगळं कुठं माहीत असतं? अगदीच घरचं माणूस असेल आणि टाळता येत नसेल तर त्यांच्यासमोर सगळं उघडून, एकेक वस्तू बघून, स्वतःच्या हातानं भरा. शिवलेलं, चिकटवलेलं, गुंडाळून बांधलेलं काहीही घेऊ नका, सख्ख्या मावशीचं असलं तरी.

रोजच्या गोळ्या?

केबिन बॅगेत, मूळ स्ट्रिपमधी, पाच दिवसांच्या ट्रिपला सात-आठ दिवसांच्या. प्लास्टिकच्या डबीत सुट्या गोळ्या काढून ठेवू नका, कुठली कशाची ते कुणाला सांगणार. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, त्यात औषधाचं मूळ नाव असलेली, आणि चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टवरच्या नावासारखं. इन्सुलिन १०० मिलीच्या नियमात अडकत नाही, पण चिठ्ठी लागतेच.

कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलची वेदनेची गोळी, झोपेच्या काही गोळ्या ह्यांना यूएईमधी आधी ऑनलाइन परवानगी लागते. सिंगापुरात पण काही औषधांना तसंच. आपल्याकडं ही औषधं साधी वाटतात, घरातल्या डब्यात कुठंतरी पडलेली असतात, म्हणून औषधाची पिशवी उचलून तशीच बॅगेत टाकू नका, एकेक नाव वाचा. लेबल नसलेली चूर्णं आणि काढ्याची पूड घरीच.

तंबाखू, पान, सुपारी?

सोडा हो पाच दिवस. सिंगापुरात खायच्या तंबाखूवर बंदी आहे, च्युइंगम १९९२ पासून नेता येत नाही, सिगारेटला ड्युटी फ्री सवलतच नाही. दुबईत पानावर सुद्धा बंदी, विड्याचं पान धरून. ई-सिगारेट सिंगापूर आणि थायलंड दोन्हीकडं नाही. आणि आजोबांच्या चंचीतला अडकित्ता केबिनमधनं जात नाही, तो निघायच्या आधी आठवणीनं काढून घ्या, नाहीतर जुनी पितळी वस्तू सुरक्षा तपासणीच्या टोपलीत सोडून यायला लागते.

देवाचं सामान?

अंबाबाईच्या कुंकवाची छोटी पुडी, फोटो, जपमाळ, पोथी, काही अडचण नाही. कापूर आणि काडेपेटी चालत नाही, दोन्ही पेट घेणाऱ्या वस्तू, चेक-इनमधी पण नाही. हॉटेलच्या रूममधी उदबत्ती लावली तर धुराचा अलार्म वाजतो. हात जोडले की पोचतंय देवाला.

चार्जर, पॉवर बँक, अडॅप्टर?

पॉवर बँक कायम केबिनमधी, चेक-इनमधी कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंत विनापरवानगी चालते. हिशोब सोपा आहे, एमएएच गुणिले ३.७ भागिले १०००. म्हणजे २०,००० एमएएचची ७४ येते, चालते. पण पाच दिवसांना १०,००० ची भरपूर, वजन निम्म्यावर येतं. बॅटरीवरचे आकडे पुसले गेले असतील तर ती काढून घेतात, तेव्हा जुनी घासलेली नेऊ नका. सिंगापूर एअरलाइन्सनं १ एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सनं १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायला बंदी केलीय, जवळ ठेवता येते, वापरता येत नाही. त्यामुळं फोन चार्ज करूनच चढायचं.

दुबई, सिंगापूर, मलेशिया, इंग्लंडला तीन चपट्या पिनांचा प्लग लागतो, एक साधा अडॅप्टर न्या. थायलंड आणि व्हिएतनाममधी आपली दोन गोल पिनांची चालून जाते. आपली मोठी तीन पिनांची मात्र तिकडं अडते. घरात चार जणं असतील तर चार अडॅप्टर नकोत, एक अडॅप्टर आणि चार पोर्टचा एक चार्जर, सगळे फोन त्यावर.

कागदपत्रांची फाईल केवढी?

पातळ. पासपोर्ट, व्हिसा असेल तर त्याची प्रिंट, तिकीट, हॉटेल बुकिंग, इन्शुरन्स, पासपोर्ट साइजचे दोन फोटो. पासपोर्टची एक झेरॉक्स पासपोर्टपासून वेगळी ठेवा आणि फोनमधी फोटो. पासपोर्टला प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक पाहिजेत, हे तिकीट काढायच्या आधी बघायचं.

सिंगापूर आणि मलेशियाचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, थायलंडचं १ मे २०२५ पासून ऑनलाइन झालंय, तिन्ही पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. सरकारी साइटवर तिन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर बंद करा, ती सरकारी नव्हे.

जुलै-ऑगस्टमधी निघणार आहे, वेगळं काय?

बॅगेच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. बाहेरनं रेनकव्हर घातलं तरी स्टँडवर गाडीची वाट बघताना पाणी पाठीकडनं शिरतंच, आतली पिशवी असली की कपडे कोरडे. रेनकोट जाड नको, विंडचीटर आणि छोटी छत्री.

आणि पंचगंगेवर लक्ष ठेवा. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. पाणी पातळी वाढायला लागली की एक दिवस आधीच पुण्याला किंवा मुंबईला जाऊन राहा. हलकी बॅग असली की असं अचानक निघणं जमतं.

लहान पोरगं बरोबर आहे.

त्याचे कपडे आपल्यापेक्षा जास्त लागतात आणि ते न्यायचेच, तिथं काटकसर नको. डायपर मात्र प्रवासापुरते आणि पहिल्या दिवसापुरते, पुढचे तिकडं सुपरमार्केटमधी मिळतात. बाळाचं दूध, पाणी, पेज प्रवासापुरती १०० मिलीच्या वर नेता येते, तपासणीत सांगायचं. खेळणं एकच, आवाज न करणारं. त्याची एक जोडी कपडे आणि तुमचा एक टीशर्ट सीटखालच्या पिशवीत ठेवा, विमानात पोरानं उलटी केली तर दोघांना बदलायला लागतं.

येताना खरेदी झाली तर कशात आणायची?

जाताना बॅगेच्या तळाला एक घडीची नायलॉनची पिशवी टाका, दीडशे ग्रॅमची. खरेदी करणार हे नक्की असेल तर परतीचं चेक-इन वजन ऑनलाइन आधीच विकत घ्या, काउंटरवर ऐनवेळी घेतलं तर लई महाग पडतं. येताना वजनाची काळजी तशी कमी, विमानतळावरनं टॅक्सीनं दादर नाहीतर सीएसएमटी आणि रात्रीची गाडी, आणि हायवेवरच्या तावडे हॉटेलच्या स्टॉपला किंवा स्टेशनवर न्यायला घरचं कोणतरी येतंच.

अत्तर घेणार असाल तर लक्षात ठेवा, बाजारातनं घेतलेली १०० मिलीच्या वरची बाटली केबिनमधी येत नाही. विमानतळावरच्या ड्युटी फ्रीतनं घेतली तर सील केलेल्या पिशवीत देतात, ती पिशवी घरी पोचेपर्यंत फोडायची नाही, वाटेत विमान बदलायचं असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. खजूर आणि चॉकलेट वजनाला भारी असतात, सगळ्या गल्लीला वाटायचं असेल तर मोठे डबे घेण्यापेक्षा एकच किलोभर सुटं घ्या आणि इथं येऊन पुड्या करा.

घरी वजन कसं करायचं?

हातात धरायचा डिजिटल काटा मिळतो, बॅगेच्या पट्ट्याला अडकवून उचलायचा. तो नसेल तर माणसाच्या वजनाच्या काट्यावर आधी एकटे उभं राहा, मग बॅग पाठीवर घेऊन, वजाबाकी करा. घरी साडेसहाच्या वर जाऊ देऊ नका, कारण घरचा काटा आणि विमानतळाचा काटा जुळेलच असं नाही, आणि वाटेत पाण्याची बाटली, पेपर, बिस्कीटपुडा असं काय ना काय वाढतंच.

बॅग निघायच्या आदल्या रात्री भरू नका. दोन दिवस आधी भरा, वजन करा, आणि पाठीवर टाकून रंकाळ्यावर एक फेरी मारून या, निदान पाऊण तास. खांदा दुखायला लागला की काय काढायचं ते तुमचं तुम्हाला कळतं. जे "लागलं तर असू दे" म्हणून घेतलेलं असतं तेच आधी बाहेर निघतं, आणि त्यातलं बरंचसं तिकडच्या कुठल्याही दुकानात मिळतं.

एवढं करून काउंटरवर वजन जास्त भरलंच तर?

बाजूला व्हा, विंडचीटर अंगात घाला, पॉवर बँक आणि चार्जर त्याच्या खिशात, खाऊची पिशवी घरच्यांपैकी ज्याच्या बॅगेत जागा आहे त्याच्याकडं. बहुतेक वेळा अर्धा किलोचाच प्रश्न असतो, तेवढ्यात सुटतो. नाही सुटला तर काउंटरवरच्या पोरीशी वाद घालू नका, दर विचारा, आणि पैसे भरण्याएवढी ती वस्तू मोलाची नसेल तर मुंबई-पुण्यात सोडायला आलेल्या पाहुण्याकडं द्या. म्हणून सोडायला कोण आलं असेल तर त्याला बोर्डिंग पास हातात पडेपर्यंत बाहेर थांबायला सांगायचं.